पहारेकरी

पनवेलच्या एका पाडायला काढलेल्या इमारतीत राफेल आणि सॅली, नवराबायको दोघंच उरली होती. बिल्डरने पाणी तोडलं, वरचे मजले फोडायला घेतले. पण नव्या घराचा करार हातात आल्याशिवाय सॅली हलेना. वरून धूळ पडली की मजुरांच्या डोळ्यांदेखत ती रुमालाने गॅलरीचा कठडा पुसायची. स्कॉटलंडमधल्या एका सरदाराच्या बायकोने किल्ल्याला वेढा पडल्यावर शत्रूला असंच हिणवलं होतं. ती गोष्ट राफेल सॅलीला थोडीथोडी वाचून दाखवायचा. “पुढे काय झालं हो तिचं?” आज तिने विचारलं. “शत्रूने पैसे चारून दरवाज्यावरचा पहारेकरी फोडला.” “मग, किल्ला गेला?” “नाही. त्याने आधीच बाईला सगळं सांगितलं.” “शहाणा म्हणायचा.” राफेलने पुस्तक मिटलं. “अगं, घर सोडायच्या कागदावर मी सोमवारीच सही केली.” सॅलीने त्याच्या खिशातली चावी काढून घेतली, दाराला आतून कुलूप घातलं.