पाइपातली हवा

बर्फावर चालणारी हिवाळ्याची चाकं चढवली आणि वेइक्कोच्या गाडीत टायरमध्ये हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, "या चाकांत हवा मोजणारे सेन्सरच नाहीत. नवे बसवावे लागतील."

"लुटायचे धंदे सगळे," असं पुटपुटत वेइक्को घरी आला. उन्हाळी चाकांतले चारही सेन्सर त्याने काढले, एका जाड पाइपात घातले, पाइपाची दोन्ही तोंडं घट्ट बंद केली, आत टायरइतकीच हवा भरली आणि तो पाइप डिकीत टाकला. दिवा विझला. मग काय, सौनात वाफ घ्यायला शेजारी बसेल त्याला तो ही हुशारी ऐकवू लागला. "गाडीला वाटतं, पाइप म्हणजेच चाकं. किती झालं तरी यंत्रच ते, त्याला कुठली अक्कल?"

नाताळात नवरा-बायको मुलीकडे जेवायला निघाले. बायकोच्या, राइलीच्या मांडीवर गाजर घालून भाजलेल्या भाताचं गरम भांडं होतं. तळ्याकाठच्या बर्फाळ वळणावर गाडी अचानक डावीकडे ओढू लागली आणि खालून फडफड आवाज यायला लागला.

"वेइक्को, गाडी थांबव. टायर बसलाय," राइली भांडं सावरत म्हणाली.

वेइक्कोने शांतपणे समोरच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.



"तुझं आपलं काहीतरीच. हे बघ, चारही चाकांत हवा अगदी बरोबर आहे."