फळ्यांवरच्या फुल्या

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समोर खाडी आहे असं समजा. ओहोटी लागली आहे, चिखल उघडा पडलाय आणि त्या चिखलात खारफुटीचं दाट रान आहे. रानाच्या मधून लाकडी फळ्यांची एक वाट जाते. दोन्ही बाजूंना कठडा आहे. आता डोळे उघडा, कारण वाटेच्या तोंडाशीच एक मुलगी अडून बसली आहे.

तिला घरी मुंगी म्हणत. वय वर्षं आठ. तिने आजोबांचं बोट घट्ट धरलं होतं.

"फटींतून खालचं दिसतं," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

"परवा तुझा अख्खा वर्ग पलीकडच्या फाटकापर्यंत जाणार. तू एकटी इथे बसून राहणार का?"

"म्हणून तर तुम्हाला आणलं."

आजोबा सुतार होते. ही वाट बारा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली झाली होती. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. रोज चाला, पण चाळीस पावलं झाली की बसा, दम खा आणि मग पुढे जा, झेपायला लागलं की अंतर वाढवत न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"चाळीस वर्षं लोकांना खुर्च्या करून दिल्या," आजोबा म्हणाले होते. "कधी बसायचं ते आता हा मला शिकवणार."

तेव्हापासून चाला म्हटलं की ते बसत आणि बसा म्हटलं की चालत. मागच्या आठवड्यात रागाच्या भरात कोपऱ्यापर्यंत एका दमात गेले आणि शेजाऱ्यांनी त्यांना उचलून घरी आणलं. त्यानंतर ते घराबाहेर पडले नव्हते. आज उठले ते केवळ नातीसाठी.

"मी रस्त्याने पलीकडच्या फाटकाशी येऊन थांबते," मुंगीची आई म्हणाली. "बाबा, तिला सांभाळा. आणि मुंगे, खिशात काय कोंबलंयस एवढं?"

"रुमाल."

दोघं निघाले. एका पावलाला एक फळी. मुंगी मोठ्याने मोजत होती. मोजलं की भीती कमी वाटते, असं तिचं म्हणणं. आजोबा तिच्या बेताने सावकाश चालत होते. मोजता मोजता ती एकदम थांबली.

"आजोबा, फुली."

फळीवर खडूने ठळक फुली मारली होती. आजोबांच्या कारखान्यात खराब फळीवर अशी फुली पडे. हे मुंगीला त्यांनीच शिकवलं होतं.

"कोण शहाणा तपासायला आला होता?" आजोबांचा आवाज चढला. "माझी फळी खराब?"

ते खाली बसले. बोटाच्या पेराने फळी वाजवली, खिळे चाचपले, फळीला कान लावला.

"ठणठणीत आहे. मारणाऱ्याचंच डोकं पोकळ असणार."

"नीट बघा. घाई करू नका," मुंगी म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. दुसऱ्या फुलीशी आजोबा परत बसले. फळी वाजवून झाल्यावर त्यांनी कठड्याखालून बोट दाखवलं. चिखलातून शेकडो मुळं पेन्सिलींसारखी वर आली होती.

"चिखलात हवा नसते. म्हणून ही झाडं मुळं वर काढतात आणि श्वास घेतात."

"झाडालासुद्धा दम खावा लागतो?"

"लागणारच," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दोन घोट पाणी घेतलं.

तिसऱ्या फुलीशी एक निवटा दिसला. मासा असून चिखलावर टुणटुण उड्या मारत होता. आजोबा इतके हसले की फळी तपासायची राहूनच गेली. मुंगीने ती तपासायला लावली.

तिथून उठल्यावर त्यांना हुरूप आला. दूरवर पलीकडचं फाटक दिसत होतं.

"आता कुठे थांबायचं नाही. एका दमात जाऊ."

मुंगीने त्यांचं बोट मागे ओढलं. तिचा चेहरा उतरला होता.

"नको, आजोबा. मला खरंच भीती वाटते."

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"बरं बाई. मोज तू तुझ्या फळ्या."

चौथी फुली आली. पाचवीही आली. दोन्ही फळ्या ठणठणीत निघाल्या आणि तपासनिसाचा यथेच्छ उद्धार झाला. मग अखेरच्या फळ्या संपल्या आणि पायांखाली घट्ट जमीन आली.

मुंगीची आई फाटकापाशी बाकावर बसली होती. ती ताडकन उठली. आधी तिने मुलीकडे पाहिलं, मग वडिलांच्या तोंडाकडे. त्यांच्या गालांवर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

"बाबा, दम नाही ना लागला?"

"मला कशाला लागेल? ही भित्री भागूबाईच सारखी थांबत होती." ते बाकावर ऐसपैस बसले. "पण आली हं शेवटपर्यंत. उद्या पुन्हा आणतो तिला. एकदा आणून भीती मोडत नाही."

आईने बऱ्याच वेळाने श्वास सोडला आणि ती त्यांच्या शेजारी टेकली.

"बाटलीचं झाकण राहिलं," म्हणत मुंगी मागे वळली आणि एकेक फळी गाळून उड्या मारत धावत सुटली. मोजायला विसरली. आधी पाचवी फुली लागली, ती आजोबांच्या गुडघ्याने पुसट झाली होती. तिने खिशातून खडू काढला आणि ती पुन्हा ठळक केली. पुढच्या फुलीवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि रुमालाने घासून ती पार पुसून टाकली. एकदा वळून बाकाकडे पाहिलं. मग तिसरी तशीच ठेवून ती दुसरी पुसायला पळाली.