छापील पुरावा

इंग्रजी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीतून ‘पर्ड्युरेबल’ हे जुनाट विशेषण काढायचं ठरत होतं. अर्थ, वर्षानुवर्षं टिकणारं. “गेल्या शंभर वर्षांतलं एक तरी छापील वाक्य दाखवा, नाहीतर काट मारा,” संपादक म्हणाले. आमचा नियमच तसा. मी घरून आणलेली फ्रेम टेबलावर ठेवली. बाबा इथेच पुस्तकं शिवणारे बाइंडर होते. निवृत्त होताना मिळालेलं छापील इंग्रजी मानपत्र तिच्यात होतं. ‘यांची शिलाई पर्ड्युरेबल आहे.’ संपादकांनी चष्मा पुसून तारीख वाचली आणि लाल पेन खिशात ठेवलं. शब्द राहिला, उदाहरण म्हणून ते वाक्यही छापलं. पहिली प्रत मी बाबांपुढे ठेवली. “माझं नाव आलंय?” “नाव नाही, बाबा. तुमचं काम आलंय.” बाबांनी पान पाहिलंच नाही. पुस्तकाचा कणा दाबून नाक मुरडलं. “शब्द टिकवलास पोरी, पण पुस्तक टिकायचं नाही. सुईदोरा आण.”