स्वस्त तास

मुलचेऱ्याच्या पुढे डांबर संपलं तिथे जीप थांबली आणि डॉक्टर तबस्सुम उतरली. वीस वर्षं तिने विजेचं अर्थशास्त्र केलं होतं, आधी दिल्लीत, मग मुंबईत. पण आपल्या योजनेचं बक्षीस मिळालेलं गाव ती आज पहिल्यांदाच बघत होती. योजना साधी होती. ज्या गावात वीजचोरी कमी होईल, तिथलं भारनियमन दोन तासांनी कमी. उद्याच्या बैठकीत ती हे राज्यभर लागू करा म्हणून सांगणार होती, आणि त्यासाठी तिला एक समाधानी माणूस हवा होता.

"साऱ्या गावचे चोरीचे आकडे तारेवरून काढलो, मॅडम," लाइनमन हरिदास छाती फुगवून म्हणाला. "आधी लाइन पाहाटं चारले जात होती. आता सहाले जाते."

ते दोन तास तिनेच निवडले होते. पहाटे मागणी नसते, वीज स्वस्त पडते. बक्षीस द्यायला त्याहून परवडणारी वेळ नाही. या युक्तीचं दिल्लीत कौतुक झालं होतं आणि तिला ते मनापासून आवडलं होतं.

शेवटचं घर पोचूचं, जंगलाला लागून. अंगणात मोहाची फुलं वाळत होती. म्हातारा ओसरीत खाटेवर बसला होता, तो उठला नाही.

"याची बायको गेली मागच्या हप्त्यात," हरिदास हळूच म्हणाला. "साप चावला. चला, दुसऱ्या घरी जाऊ."

तबस्सुम चंद्रपुरात जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या मिस्त्रीची मुलगी. मयताच्या दारातून तसंच परत फिरणं तिला जमलं नाही. ती ओसरीत टेकली. "पोचूभाऊ, ऐकून फार वाईट वाटलं."

पोचूने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, लाइनीचा टाइम तुमीच लावता का?"

"हो."

"मंग चारची सहा काऊन केली?"

हरिदास मध्ये बोलायला गेला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"जंगलाच्या कडंनं आमी डुकरासाठी तार लावतो," पोचू म्हणाला. "शेतातल्या लाइनीवर आकडा टाकून. समदेच लावते. रातभर करंट राह्यते. चारले लाइन गेली का तार मेली. मंग कोंबडा बोलला का माही सोमारी मोह वेचाले जाये, तेच तार वलांडून. दोन वरसं असंच चाललं. टाइम बदलला त्या दिवशी ते झोपून होती. मीच उठवलो. जाय म्हनलो, लाइन गेली."

"ग्रामपंचायतीत कागद लावलो होतो टाइमाचा," हरिदास पुटपुटला.

"मले वाचता येत नाई. पोलिसाले साप सांगलो. तार सांगतो तं मलेच नेते."

तबस्सुमला अब्बा आठवले. दुकानात दुरुस्त झालेली मोटार चालू करायच्या आधी अब्बा मोठ्याने ओरडायचे, "हात हटाओ, लाइन दे रहा हूँ!" सगळ्यांचे हात वर दिसेपर्यंत त्यांचं बोट बटणावर जात नसे. तिने बसल्या जागेवरून लाखो लोकांना लाइन दिली होती, त्यांची तोडलीही होती. एकदाही ओरडली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून काही उपयोग नाही हेही कळलं.

आतून पोचूची सून दीपिका टोपली घेऊन बाहेर आली. मोहाचा दुसरा फेरा करायचा होता.

"माही तार काढून टाकलो," पोचू म्हणाला. "दुसऱ्यायच्या हायेतच. काई लोक तं दिवसाबी काढत नाई. बाई, इले टाइम तुमीच सांगा. माह्या सांगन्यावर आता इचा भरोसा नाई."

दीपिका पायरीवर थांबली. सासऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"आत्ता लाइन हाये का गेली?" तिने तबस्सुमला विचारलं.

तबस्सुमने सवयीने, दिवा लागलाय का बघायला, वर पाहिलं. छपराच्या कवेलूंखाली बल्बच नव्हता.