समेटाच्या खोलीतल्या दोन खुर्च्या

"मी तुझं मनगट धरलं," लंबू म्हणाला, "आणि हात चालू करवतीवर दाबला."

"किती वेळ?" पाळकांनी विचारलं.

"हाडाचा आवाज येईपर्यंत."

टेबलापलीकडे गोट्याने डोळे मिटून घेतले. मान मात्र हलवली. प्रार्थनागृहामागच्या या खोलीत समोरच्याने मान हलवली तरच बोलणारा पुढे जायचा.

दोघं साडू. सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच सुतारखान्यात चौदा वर्षं. आता दोन्हीकडची माणसं सळया घेऊन फाटकाबाहेर उभी होती. काल तिथेच त्यांच्यातल्या दोघांची डोकी फुटली, एका पुतण्याच्या पोटात पटाशी घुसली. त्या बहिणींनी एकमेकींच्या झिंज्या मुळापासून उपटल्या. आज समेट झाला नाही तर मुडदे पडणार, हे पाळकांनाही ठाऊक होतं.

"का दाबलास?"

"तू सगळ्यांसमोर मला घरजावई म्हणालास. वर म्हणालास, बायकोच्या ताटातलं उष्टं खातो. सगळे हसले. तो रंगारीसुद्धा हसला, ठार बहिरा आहे तरी."

गोट्याची मान हलली.

"मग?"

"मग मी घाबरलो. बटण बंद करायचं सुचेना. तू किंचाळत होतास आणि मी पायाने भुसा ओढून रक्त झाकत होतो. जसं काही लादी स्वच्छ झाली की झालं."

"हे तू..." गोट्या अर्धवट उठला.

"तुझी पाळी आली की बोल," पाळक म्हणाले.

तेवढ्यात दगड आला. खिडकीची काच खोलीभर उडाली. पाळकांच्या गालावरून रक्ताची रेघ उतरली. त्यांनी रुमाल दाबून धरला.

"बाहेरच्यांना घाई आहे. आपल्याला नाही. बोल गोट्या."

गोट्या बोलू लागला. दोनदा चुकला, दोनदा पाळकांनी पहिल्यापासून सांगायला लावलं.

"माझी तीन बोटं गेली," तो शेवटी म्हणाला. "भुशात सापडली. कुणीतरी डब्यात घालून दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला."

लंबूने मान हलवली.

"आता रंधा धरता येत नाही. धाकटीच्या फ्रॉकची बटणं लावता येत नाहीत. तीच लावते, वरचं बटण खालच्या काजात. आणि मलाच म्हणते, बघा बाबा, जमलं की नाही." एवढं बोलून गोट्या ओक्साबोक्शी रडायला लागला. नाक पुसायचंही भान राहिलं नाही.

लंबूची मान हलली.

"रविवारी प्रभुभोजन आहे," पाळक म्हणाले. "मनात वैर ठेवून त्या मेजाजवळ यायचं नाही, हे दोघांनाही माहीत आहे. गोट्या, समोरच्याला माफ करशील?"

"नाही."

"विचार करून सांग."

"केलाय विचार. रात्रंदिवस तोच करतोय. जन्मात माफ करणार नाही. असल्याला कुणी करूच नये."

बाहेर फाटक लाथेसरशी उघडलं. सळया पायरीवर खणखणल्या. कुणीतरी दारावर पहिला घाव घातला, लाकूड तडकलं. पाळक दाराला पाठ लावून उभे राहिले.

"एकमेकांच्या जागी बसून, एकमेकांचं दुखणं आपलं म्हणून सांगून झालं," ते धापा टाकत म्हणाले. "आता आपापल्या खुर्चीत जा. प्रश्न तोच आहे."

दोघांनी जागा बदलल्या. लंबूने दोनच बोटं उरलेला उजवा हात टेबलावर ठेवला.

"केलं माफ," तो गोट्याला म्हणाला. "डोळे पूस आता."