दोन कानांचा कप

"यातलं काय काय निघतं?" तिनं विचारलं.

दुकानातल्या बाईला प्रश्नच कळला नाही. लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात लोक रंग विचारतात, सांडतो का विचारतात, गरम पाण्यात चालतो का विचारतात. ही मात्र आल्यापासून एकेक कप उघडून काउंटरवर त्याची हाडं मांडत होती. झाकण वेगळं, तोटी वेगळी, आतली नळी वेगळी. प्रत्येक तुकडा नखानं ओढून बघायचा, आणि निघाला की तो कप बाजूला सारायचा.

"ताई, धुवायला म्हणून निघतं ते," बाई म्हणाली. "नाही निघालं तर आत बुरशी धरते."

"माझ्या मुलानं गिळलंय ते."

बाईनं हातातला कप खाली ठेवला.

गिळताना तसं कुणी पाहिलं नव्हतं. काल संध्याकाळी भरलेला कप आडवा झाला आणि गादी भिजली. न सांडणारा कप सांडला कसा म्हणून तिनं झाकण उघडलं, तर आतली रबराची चकती जागेवर नाही. पोरानं ओढलं की उघडते आणि सोडलं की मिटते, ती. मग पलंगाखाली, बेसिनच्या जाळीत, कचऱ्याच्या डब्यात, नवऱ्याच्या बुटातसुद्धा शोधून झालं. सकाळी डॉक्टर म्हणाले, फोटोत रबर दिसत नाही, भूल देऊन दुर्बीण घालावी लागेल. दुपारपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नको. आणि येताना तसलीच एक चकती घेऊन या, आकार कळू दे.

म्हणून दोन कप हवे होते. एक जुन्यासारखा, डॉक्टरांना दाखवायला. दुसरा यापुढे वापरायला, ज्यातून काही म्हणजे काही निघणार नाही असा.

दाराजवळच्या स्टुलावर सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एरवी दुकानात शिरल्या की भाव, रंग, शिवण, सगळ्यावर बोलणाऱ्या; आज तोंडाला कुलूप. गुंड्या रडून रडून दमला होता. समोर भिंतभर कप आणि त्याला घोटभर मिळेना. "आजी, पाई," तो म्हणायचा. पाई म्हणजे पाणी. आजी त्याच्या सुकलेल्या ओठांवरून बोट फिरवायची. "देऊ हं राजा, देऊ."

"हा घ्या, तुमच्या जुन्यासारखा." बाईनं झाकण उलटं केलं, चकती काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. पांढरी, नखाएवढी, मधोमध चीर. सुनेनं वाकून ती न्याहाळली. एवढी वस्तू पोराच्या एवढ्याशा गळ्यातून गेली कशी, आणि आता आहे कुठं?

"मीच आणला होता," ती म्हणाली. "खोक्यावर सुरक्षित लिहिलेलं वाचून."

"पाई," गुंड्या म्हणाला. या वेळी हातही पुढे केला नाही, नुसतं म्हणाला.

सासूबाई उठल्या. पोराला कडेवर घेतलं, काउंटरपाशी आल्या आणि एका हातानं पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. ते उघडून त्यांनी काचेवर उपडं केलं. पहिल्या चकतीशेजारी दुसरी चकती पडली.

"बूच वाटलं मला," त्या म्हणाल्या. "औषधाच्या नव्या बाटलीला आतून असतं ना, काढून टाकायचं, तसलं. ओढून ओढून पोर लाल व्हायचं, तरी काही येत नव्हतं. परवा धुताना काढलं. फेकवलं नाही म्हणून ठेवलं."

सून चकत्यांकडे बघत राहिली. "आई, काल मी कचरा उपसत होते, तेव्हा तुम्ही बॅटरी धरून उभ्या होतात."

"हो."

सांगायचं तर कालच सांगायला हवं होतं, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण मागच्या महिन्यात पोर खाटेवरून पडलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, आई, आणखी एकदा काही झालं तर मग पाळणाघर. बॅटरी धरून उभं असताना तेवढंच एक वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं. नवा कप आला की विषय मिटेल, असं त्या धरून चालल्या. दुर्बीण त्यांच्या ध्यानीमनी नव्हती.

सुनेनं पोराला त्यांच्या कडेवरून काढून घेतलं. दुकानातल्या बाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. गुंड्या गटागटा प्यायला, निम्मं सदऱ्यावर सांडलं, ठसका लागला, पुन्हा प्यायला. सुनेला आधी रडू आलं. राग मागून आला, पण आला तो मुक्कामालाच.

"मग आता कोणता देऊ?" बाईनं हळूच विचारलं.

"स्वतःच्या हातानं पिता येईल असा द्या." सासूबाईंकडे न बघता ती म्हणाली. "पाळणाघरात पाजत कुणी बसणार नाही."

बाईनं मागच्या फळीवरून एक निळा कप काढला. एकाच बाजूला कान असलेला, नाजूक, दिसायला छान. सुनेनं तो घेतला आणि पाकीट उघडलं.

सासूबाईंचा डावा हात अजून तसाच होता, कडेवर पोर असल्यासारखा.

"दोन कानांचा घे," त्या म्हणाल्या. "एका कानाचा त्याच्या हातून सुटतो."