पाणबुडीचा पंखा

"दादा, त्या पंख्याला पुन्ना फडकं गुंडाळलंस?" मुक्ताबाईनं दारातूनच लेकाला विचारलं.

दादासाहेबानं मान वर केली नाही. डोळ्याला भिंग लावून तो पाणबुडीच्या पाठीवर कठडा बसवत होता. पाणबुडी हातभर लांब. कठड्याला जळक्या मोटारीच्या वाइंडिंगची तार, दुर्बिणीच्या नळीला पेनातली रिफिल. शिडीच्या पायऱ्या तर मुंगीनंही जपून चढाव्यात अशा.

"रंग वला हाय."

"काल बी वलाच हुता. आपल्या निरवांगीच्या उन्हात पापड दुपारपातूर वाळतोय, आन तुझा रंग वाळंना?"

सून स्वरूपा चहा ठेवताना हसली. दादासाहेब हसला नाही. चिमटा त्यानं खाली ठेवला.

नौदलाच्या गोदीत तो बरीच वर्षं फिटर होता. गावी आला, उसात रमला नाही. ज्या बोटीखाली उमर गेली तिचाच नमुना करत बसला. इतकं निरखून बायकोकडं कधी बघितलं नसेल. नमुन्याचे फोटो मोबाइलवर टाकले, तशी दूरदेशी राहणारा कुणी मराठी शौकीन गोड बोलायला लागला. कठड्याला वाहवा, शिडीला वाहवा. मग रोज एकच धोशा. मागचा पंखा दाखवा. पाती किती, वाक कसा.

"आई, बस जरा," दादासाहेब म्हणाला. "खरी बोट पाण्याभायेर काढली की पंख्यावर ताडपत्री टाकत्यात. त्यो कुनाला दावत न्हाईत. पंखा कळला की बोटीचा आवाज कळतोय, आन आवाज कळला की बोट घावती."

"आन तू दावलास?"

"सवयीनं खराच करून बसलो हुतो. भान आलं तसा उपसला. मनचाच दुसरा लावला, त्याचाच फोटो पाठवला. खऱ्याचा न्हाय." त्यानं रुपयाएवढी पितळी चकती आईच्या तळहातावर ठेवली. पाती तिरकी, वळलेली, कण्हेरीच्या फुलासारखी. "ह्यो ठेचून टाक. मला बारामतीला जायचंय."

का जायचंय ते त्यानं सांगितलं नाही. मोटारसायकल काढली आणि गेला.

मुक्ताबाईनं वरवंटा उचलला. तेवढ्यात टीव्हीवर एक पोरगा दिसला. तोंडाला काळं फडकं, दोन्हीकडं पोलीस. बोटींचे फोटो परक्यांना पाठवले म्हणून धरलेला. मागं त्याची आई पदर तोंडात कोंबून उभी होती.

मुक्ताबाईचा हात तसाच राहिला. फोटो खऱ्याचा की खोट्याचा, हे त्या पोराला कुणी विचारलं असेल का? उद्या दादाला तरी कोण विचारणार? खरा पंखा ठेचला तर दुसरा खोटा हे कळणार कशावरून?

तिनं वरवंटा ठेवला आणि चकती तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

दुपारी दारात पांढरी गाडी थांबली. उतरला तो इस्त्रीच्या शर्टातला, बारीक केस कापलेला, बुटांना चकाकी. स्वरूपानं पाणी ठेवलं आणि ती दारामागं सरकली.

"दादासाहेब आहेत?"

"न्हाईत. काम काय हुतं?"

त्यानं मोबाइल पुढं धरला. पाणबुडी. कठडा, शिडी, पंखा. "हे फोटो तुमच्या मुलानंच पाठवलेत ना? त्याबद्दलच आलोय."

मुक्ताबाईनं पदर सावरून खुर्ची पुढं ओढली. "बसा सायेब. उभ्यानं चौकशी करायला आमचं घर काय चावडी न्हाय."

तो बसला. टेबलावरच्या पाणबुडीचं फडकं त्यानं बोटानं बाजूला केलं. "फोटोत दिसतंय ते खरं आहे का, एवढंच मला समजून घ्यायचंय."

"आन खरं आसलं तर?"

"तर गोष्ट वेगळी."

"खोटं हाय! मनचा पंखा लावलाय त्यानं. आमी उसाची मानसं, देश इकनारी न्हाय."

"असं कुणीही म्हणेल, आजी."

"आत्या, त्यास्नी घरी येऊ द्या की," स्वरूपा दारामागून पुटपुटली.

"तू गप. नवऱ्याला बेड्या पडल्यावर बोलशील?"

मुक्ताबाई आत गेली. डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तांदूळ जमिनीवर सांडले, ते वेचायला ती थांबली नाही. चकती आणून तिनं त्याच्या पुढ्यात आपटली.

"ह्यो खरा. आता लावा दोनी शेजारी आन बगा डोळं उघडून. हाय का काई मेळ?"

त्यानं रुमालात चकती उचलली. उजेडात धरली, फिरवली. पुन्हा फिरवली.

"आजी, तुमच्या मुलाला काही होणार नाही."

"शबूद द्या."

"दिला. हे मात्र मला न्यावं लागेल."

"न्या की. ती पीडा आमच्या घरात नगंच." मग ती चुलीकडं वळली. "पर चा घेतल्याबिगर जायाचं न्हाय."

त्यानं चहा घेतला. तिनं साखर जास्तच टाकली होती. गाडी निमगाव केतकीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तशी ती जोत्यावर टेकली आणि सकाळपासून पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला.

ऊन कलताना मोटारसायकलचा आवाज आला. मागोमाग पोलिसांची जीप. खाकीतला फौजदार उतरला, हातात काठी घेतलेली बाई शिपाई उतरली. मुक्ताबाई जोत्यावरून उठली. तोंड उघडणार, तोच दादासाहेब पुढं आला आणि त्यानं तिचा हात धरला.

"भिऊ नगंस, आई. मीच बोलवून आनलंय ह्यास्नी. त्या फोटो मागनाऱ्या मानसाचा काल निरोप आला, भिगवणला उतरलोय, आज-उद्या घरी येतो म्हनून. तवा सकाळीच जाऊन समदं सांगितलं." त्याचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. "आता येऊ दे त्याला. त्याच्या हाताला खरं काईच लागलेलं न्हाय."